चौकशीताईंची मिनिटं

वॉर्ड ऑफिसच्या तळमजल्यावर सात खिडक्या आहेत. दुसरी जन्म-मृत्यूच्या दाखल्यांची, चौथी पाण्याच्या तक्रारींची आणि त्या दोघींच्या मध्ये, तिसरी, चौकशीची. चौकशीच्या खिडकीचं काम तसं सरळ: आलेल्या माणसाला त्याची खिडकी कुठली ते सांगायचं. 'चार नंबर.' 'सहा नंबर, पण आधी झेरॉक्स काढून आणा.' 'साहेब जेवायला गेलेत.' एवढ्या तीन वाक्यांच्या भांडवलावर कुणाचीही नोकरी सुखाने पार पडली असती. चौकशीताईंची मात्र पडली नाही. गेली सव्वीस वर्षं उन्हाळ्याची सुट्टी लागली की त्यांच्या खिडकीसमोरची रांग फाटकाबाहेर, पार सायकल स्टँडपर्यंत जायची, आणि त्या रांगेतल्या एकालाही दाखला नको असायचा. सगळ्यांचा प्रश्न एकच: मुलाला सुट्टीत पाठवू कुठे?

चष्मेवाले त्या रांगेत उभे राहिले तो बुधवार होता. पुढे अकरा माणसं होती, त्यांनी मोजली. बाजाराच्या रस्त्यावर एकतीस वर्षं त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि मोजल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. अंगात इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं, हातात घडी घातलेला कागद. कागदावर तीन उन्हाळी वर्गांची नावं होती आणि तिन्हींवर रेघ मारलेली होती.

गोष्ट अशी होती. त्यांची मुलगी नर्स. अतिदक्षता विभागातल्या कामाचं सात आठवड्यांचं प्रशिक्षण तिला मिळालं, तेही दुसऱ्या शहरात आणि तेही चार वर्षं अर्ज केल्यावर. जावयांचा विषय त्या घरात निघत नसे. आजी तीन वर्षांपूर्वी गेलेली. तेव्हा नऊ वर्षांची नात, खारू, सात आठवडे आबांकडे राहणार हे ठरलं, आणि 'तू निर्धास्त जा, पोरगी रमेल' असं चष्मेवाल्यांनी छातीठोकपणे सांगून टाकलं. प्रशिक्षण सोडायचं असेल तर तिसऱ्या सोमवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं, म्हणजे ती जागा पुढच्या कुणाला देता येते, असा तिथला नियम. मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची आणि रोज तेच म्हणायची, "आबा, खरं सांगा. ती रमली नसेल तर मी सोमवारी परत येते. तिला तिथे कोमेजत ठेवून मला इथे शिकता येणार नाही."

त्या सोमवारच्या आधीचा हा बुधवार. खारूला तीन ठिकाणी घालून झालं होतं आणि तिन्ही ठिकाणांहून ती परत आली होती.

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. चष्मेवाल्यांच्या पुढच्या बाईंची पाळी आली. त्यांच्या हातात मातीकामाच्या दोन वर्गांची पत्रकं होती, एक गुळगुळीत रंगीत, एक साधी झेरॉक्स.

"हा घराजवळ आहे," रंगीत पत्रक पुढे करत त्या म्हणाल्या. "एसी पण आहे."

चौकशीताईंनी मागच्या लाकडी खोक्यातून दोन कार्डं काढली. "जवळचा दोन मिनिटं. लांबचा, गॅरेजच्या वरचा, चौदा."

"चालत?"

"चालत नाही हो. चालत तो पाऊण तास आहे. पण चौदा."

बाईंनी झेरॉक्सवर खूण केली आणि गेल्या. चष्मेवाल्यांना काही उमगलं नाही. मागे उभा असलेला बेकरीवाला त्यांच्या खांद्याशी वाकला. तो तिसऱ्या पोरासाठी आला होता, म्हणजे या रांगेतला मुरलेला माणूस.

"नवीन दिसता," तो म्हणाला. "मिनिटं म्हणजे सुटल्यावरची मिनिटं. ताई स्वतः जातात. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या नाही. तिसऱ्या दिवशी. समोरच्या फुटपाथवर घड्याळ घेऊन उभ्या. वर्ग सुटला की शेवटचं पोर फाटकाबाहेर पडायला किती वेळ घेतं ते बघतात. जिथून पोरं दोन मिनिटांत उधळतात, तिथे आत काय चालतं ते बघायची गरजच नाही. आणि जिथून निघतच नाहीत..." त्याने नुसता हात उडवला. "माझ्या थोरल्याला एकवीस मिनिटांवर पाठवलं होतं. सुट्टी संपली तरी घरी येईना."

"हे ऑफिसचं काम आहे का त्यांच्या?"

"छे. ऑफिसला वाटतं त्या दाखल्यांची चौकशी सांगतात."

चष्मेवाल्यांनी मनात आकडा मांडला. वर्षाला चाळीस ठिकाणं धरली तरी हजारावर वेळा ही बाई कुठल्या ना कुठल्या फुटपाथवर उभी राहिली असणार. त्यांनी खिडकीकडे पुन्हा नीट पाहिलं. पन्नाशी ओलांडलेली, किरकोळ अंगाची, घट्ट अंबाडा, आणि चष्मा डाव्या बाजूने किंचित वर चढलेला. काडी वाकलीय, त्यांच्या मनात आलं. दोन मिनिटांचं काम आहे.

"वय?" ताईंनी विचारलं.

"एकोणसत्तर."

"तुमचं नाही हो. मुलाचं."

"मुलगी. नात. नऊ."

"कुठे कुठे घालून झालं?"

चष्मेवाल्यांनी कागद उलगडला. "पोहणं. दुसऱ्या दिवशी परत पाठवली. पाण्यात डोकं घालून भिंतीला चिकटून राहते म्हणे, वर येत नाही. प्रशिक्षक घाबरला. मग चित्रकला. तिथल्या बाई म्हणाल्या, टेबलावर डोकं टाकून झोपते. मग नाच. तिथे स्पीकरपाशी जाऊन बसली ती उठेचना. त्यांनी मला बोलावून विचारलं, कानाने कमी आहे का."

"आहे?"

"कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. ठणठणीत आहे म्हणाले."

"आणि दुकानात नाही ठेवता येत?"

चष्मेवाल्यांनी कागदाची परत घडी घातली. "ठेवली होती. एक मोठे साहेब अक्षरं वाचत बसले होते. हिने मागून जाऊन त्यांच्या पाठीला कान लावला. साहेब चौथ्या ओळीवरून जे उठले ते चष्मा न घेताच गेले."

बेकरीवाला मागे खुसखुसला. ताई हसल्या नाहीत. त्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि चिठ्ठी पालथी ठेवली.

"घरी कुणाचं लक्ष नसताना ती काय करते?"

"माझं लक्ष असतं."

"म्हणून तर विचारते. नसताना काय करते?"

"लक्ष नसताना काय करते ते मला कसं कळणार?"

"दुकान डोळ्यांचं आहे ना तुमचं?" ताई म्हणाल्या. "शुक्रवारी पाचच्या आत या आणि सांगा. पुढचे कोण?"

चष्मेवाले तणतणत घरी गेले. वर्ग विचारायला आलो तर बाईने उलट गृहपाठ दिला. पण दिलेलं काम नीट करायचं हे अंगवळणी पडलेलं. गुरुवारी त्यांनी दुकान बंद ठेवलं, पेपर उघडून खुर्चीत बसले आणि पेपराच्या कडेला पेनाने नोंदी करू लागले. सात वाजता उठली. सात दहाला न्हाणीघर. आठला अजून न्हाणीघरातच. नऊ ते सव्वानऊ खिडकीत. दहाला परत न्हाणीघर. बाराला परत. संध्याकाळी त्यांनी सगळ्या नोंदी एकाखाली एक वाचल्या, कपाळाला हात लावला आणि औषधाच्या दुकानातून पोटाचं औषध आणलं. खारूने ते मुकाट्याने घेतलं. तिचा स्वभावच तसा. काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागे, जणू प्रश्न लांबून चालत आलाय.

शुक्रवारी सकाळी औषधाचा गुण आला का ते पाहायला चष्मेवाले न्हाणीघराशी गेले, तर दार सताड उघडं. आदल्या दिवशीही उघडंच असणार. ते आपले पेपर धरून घड्याळ बघत बसले होते. आत, भिंतीवरून वर जाणाऱ्या पाइपला गाल टेकून, डोळे मिटून खारू उभी होती. तिचा चेहरा पाहून ते जागीच थांबले. दुकानात काचा बदलता बदलता अचूक काच डोळ्यांसमोर येते तेव्हा माणसाचा चेहरा असा होतो. एकतीस वर्षं ते या चेहऱ्याचीच वाट बघत आले होते, गिऱ्हाइकागणिक. घरात तो असा फुकट उभा असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"काय करतेस गं?"

तिने एक बोट वर केलं. थांबा. मग हळूच म्हणाली, "वर कुणीतरी नळ नीट बंद केला नाहीये."

"वर म्हणजे काकूंकडे? त्या भांडी घासतायत."

"त्या नाही. त्यांच्या वर. त्यांच्याही वर."

म्हणजे चौथा मजला. तिथले गृहस्थ चार दिवस झाले बाहेरगावी होते, किल्ली रखवालदाराकडे. चष्मेवाले जिना चढताना स्वतःवरच हसत होते. रखवालदाराने कुलूप उघडलं. बंद घराचा कोंदट वास आला. पडदे ओढलेले, घड्याळ चालू, आणि मागच्या बाजूला, अंधाऱ्या मोरीच्या कोपऱ्यात एक नळ. थेंब जमायचा, लोंबायचा, पडायचा. मग बराच वेळ काही नाही. मग परत. चष्मेवाले हात मागे बांधून चार थेंब नुसते पाहत उभे राहिले. रखवालदाराला वाटलं, म्हातारबांना चक्कर आली.

नळ पिळून ते खाली आले. खारू अजून तिथेच होती. डोळे न उघडता म्हणाली, "आता झाला."

चष्मेवाले न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले. पोहण्याच्या तलावाची भिंत, चित्रकलेचं टेबल, स्पीकर आणि त्या साहेबांची पाठ, सगळं एकामागोमाग एक त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. त्यांनी उरलेल्या पोटाच्या औषधाची बाटली उचलली आणि मोरीत ओतली.

पाचला दहा मिनिटं असताना ते वॉर्ड ऑफिसात पोचले. रांग नव्हती. ताईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, औषधाचं ऐकताना पहिल्यांदाच हसल्या, आणि बाजूचं छोटं दार उघडून त्यांना आत बोलावलं.

खिडकीच्या मागे एवढी जागा असेल असं बाहेरून वाटत नसे. भिंतीला लागून नऊ लाकडी खोकी होती, चहाच्या पेट्या कापून केलेली, आणि खोक्यांत कार्डं, अंगठ्याने काळवंडलेली. ताईंनी एक खोकं त्यांच्यापुढे सरकवलं. "बघा तोवर. मी रजिस्टर बंद करते."

कार्डाच्या पुढच्या बाजूला ठिकाण, पत्ता, वेळ आणि कोपऱ्यात मिनिटं. चष्मेवाल्यांनी सवयीने कार्ड उलटं केलं. मागे बारीक अक्षरात ओळींवर ओळी होत्या. नाव एकाचंही नाही. 'कागद दुमडतो, उलगडतो, परत त्याच घडीवर दुमडतो.' 'सगळ्या डब्यांची झाकणं काढून अदलाबदल करून बघते.' 'कुलपांशी बोलतो.' 'माती ओली करते आणि वास घेत बसते.' 'लोक निघून गेल्यावर त्यांच्यासारखं चालून बघतो.' ओळी वाचता वाचता ते थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. एवढी मुलं, आणि प्रत्येक जण घरात कुठेतरी एकटाच आपलं काहीतरी करत बसलेला. हे शहर त्यांनी एकतीस वर्षं डोळ्यांत डोळे घालून पाहिलं होतं. त्यातलं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"'जिन्याच्या एकाच पायरीवर सगळी दुपार बसते,'" त्यांनी मोठ्याने वाचलं. "हिला तुम्ही बुद्धिबळाच्या क्लबात पाठवलंत. का?"

"आता आठवत नाही. पण एकोणीस मिनिटं लागायची तिला निघायला."

"हे सगळं आईबापांनी येऊन सांगितलं?"

"निम्म्यांनी. निम्मे परत येतच नाहीत. म्हणतात, बाई तिरसट आहे, सरळ उत्तर देत नाही." ताईंनी सर्वांत जुनं खोकं उघडून पहिलं कार्ड काढलं. ते पुस्तकं बांधणाऱ्याचं होतं. "हे माझ्या मुलासाठी केलेलं. माझी नोकरी नवीन, घरी कुणी नाही. सात वर्षांचा होता. सबंध सुट्टी या टेबलाखाली बसून असायचा. मला वाटायचं, किती गुणी पोर. एकदा खाली वाकले तर ऑफिसचे सगळे जुने फॉर्म त्याने दोऱ्याने शिवून ठेवलेले. साहेबांची बोलणी खाल्ली आणि संध्याकाळी त्याला पुस्तकं बांधणाऱ्याकडे घेऊन गेले."

"मग आता तो पुस्तकं बांधतो?"

"विमा विकतो. पण कुणाच्या घरी गेला आणि पुस्तक दिसलं की आधी उलटं करून शिवण बघतो." ताईंनी कार्ड जागेवर ठेवलं. "त्यातून काही व्हायला हवं असं कुठे आहे?"

पालथी ठेवलेली ती चिठ्ठी आठवून चष्मेवाले म्हणाले, "तुम्हाला बुधवारीच कळलं होतं."

"अंदाज होता. त्या साहेबांच्या पाठीमुळे."

"मग तेव्हाच सांगायचं ना. दोन दिवस गेले माझे. सोमवारी बारा वाजता माझी मुलगी..."

"बुधवारी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं. पहाटे साडेचारला पोरीला उठवून रस्त्यावर न्या, असं कुणी सांगितलं तर कोण ऐकेल?"

"पहाटे साडेचार?"

उत्तर म्हणून ताईंनी टेबलाच्या खणातून एक कार्ड काढलं. ते कोरं करकरीत होतं. वर लिहिलेलं, 'कानकाका, पाणीपुरवठा विभाग.' मिनिटांची जागा मोकळी, मागची बाजू मोकळी. "अकरा वर्षं विचारतेय. दर वर्षी नाही म्हणतात. आता येतील चार नंबरला, दिवसाचा अहवाल द्यायला. तुम्ही मध्ये बोलू नका."

कानकाका आले. साठीला टेकलेला उंच माणूस, खाकी सदरा, पाठ थोडी वाकलेली, मान एका बाजूला कललेली. जमिनीखालच्या पाइपांतून पाणी कुठे गळतंय ते रस्त्यावर उभं राहून कानाने ओळखायचं, हे त्यांचं काम. ताईंना चष्मेवाल्यांसह खिडकीबाहेर येऊन उभं राहिलेलं पाहताच त्यांनी हात जोडले.

"परत तेच ना? मला पोरं चालत नाहीत ताई. पोरं बोलतात."

"ही बोलत नाही."

"सगळ्या आया असंच म्हणतात."

"मी आजोबा आहे," चष्मेवाल्यांना राहवलं नाही.

"मग तर आणखीच लाडावलेली असणार."

"चौथ्या मजल्यावरचा ठिबकणारा नळ तिने पहिल्या मजल्यावरून ओळखला," ताई म्हणाल्या. "पाइपला कान लावून."

कानकाका निघाले होते ते थांबले. "मधले नळ बंद होते?"

"दुसऱ्या मजल्यावर भांडी घासत होते," चष्मेवाले म्हणाले.

कानकाकांनी त्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, चेष्टा तर करत नाहीत ना म्हणून. मग अहवालाचा कागद चार नंबरच्या खिडकीत सरकवला. "उद्या पावणेपाच. पंपाचा चौक. बोलली तर घरी. आणि तुम्ही पण बोलायचं नाही."

शनिवारी पावणेपाचला पंपाचा चौक चष्मेवाल्यांना ओळखू आला नाही. याच चौकातून ते रोज दुकान उघडायला जात, पण गाड्या, हातगाड्या आणि गोंगाट यांच्याशिवाय त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. दिवे अजून जळत होते, पूर्वेला फटफटलंही नव्हतं. कानकाकांच्या हातात कमरेएवढी लोखंडी सळई होती. तिच्या वरच्या टोकाला लाकडाची छोटी वाटी, रोज कान लागून लागून गुळगुळीत झालेली. शहर जागं व्हायच्या आत जेवढं ऐकू येतं तेवढंच खरं, नंतर सगळी गर्दी कानात शिरते, एवढं त्यांनी सांगितलं. मग व्हॉल्व्हच्या झाकणावर सळई टेकवली, वाटीला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. इथे काही गळत नव्हतं. सळई त्यांनी खारूकडे दिली.

खारू वाकली आणि स्थिर झाली. चष्मेवाल्यांनी घड्याळात पाहिलं. दोन मिनिटं. पाच. एक कुत्रा येऊन तिचे पाय हुंगून गेला, तिला पत्ता नाही. सात. कानकाका आता तिच्याकडे पाहत नव्हते. तिच्या पायांकडे पाहत होते, हलतात का. नऊ मिनिटांनी ती म्हणाली, "दोन आहेत."

"दोन काय?"

"एक जवळ आहे, ते घाईत आहे. दुसरं त्याच्या खूप खाली. ते सावकाश चाललंय. ते पाइपात नाहीये."

कानकाकांनी सळई घेतली. ऐकलं. दुसरा कान लावला. टोपी काढली, गुडघ्यांवर बसले, परत ऐकलं. मग सळई आडवी ठेवून फुटपाथच्या कडेला बसून राहिले.

"मला एकच येतंय," ते म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी आपण होऊन सांगितलं. या चौकाखाली एक ओढा आहे. फार पूर्वी त्यावर दगडी कमानी टाकून रस्ता केला. ते कामाला लागले त्या वर्षी त्यांच्या वस्तादांनी त्यांना याच झाकणावर ओणवं करून तो ऐकवला होता. "तेव्हा यायचा. चांगला यायचा. मग हळूहळू येईनासा झाला. मी धरून चाललो, आटला. मीच वर लिहून दिलं, आटला म्हणून. ऑफिसच्या नकाशावरून पुसून टाकला त्यांनी."

चष्मेवाल्यांनी उभा जन्म हेच काम केलं होतं. समोरच्या माणसाला हलक्या हाताने सांगायचं, की अक्षरं पुसट झालेली नाहीत. त्या पहाटे त्यांनी काही सांगितलं नाही. ते कानकाकांशेजारी फुटपाथवर बसले, एवढंच.

मग खारूने सळई त्यांच्याकडे केली. "आबा, तुम्ही."

त्यांनी वाटीला कान लावला. आधी काहीच नाही. मग स्वतःच्याच कानातली धडधड. ती बाजूला सारून ते थांबले, आणि मग तिच्या पलीकडे, खाली, काहीतरी चालू असल्याचं त्यांना जाणवलं. एकसारखं, न थांबणारं, जाडजूड. पाणी. झोपलेल्या सगळ्या शहराकडे निघालेलं पाणी, त्यांच्या चपलांच्या चार हात खालून. एकतीस वर्षं ते या पाण्यावरून चालत गेले होते आणि परत आले होते. त्यांनी श्वास रोखून धरला. तो सोडला तर ते थांबेल की काय असं वाटलं. दुसरा आवाज त्यांना आला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. पण तो तिथे होता, आणि त्यांची नात तो ऐकत होती.

त्यानंतर दोन तास तिघं चौकातून पुढे सरकत गेले. खारू सळई टेकवायची, ऐकायची, म्हणायची, "इथे वळतं," आणि कानकाका खडूने तिथे टिंब काढायचे. साडेसातला पहिल्या गाड्या आल्या आणि खडूची टिंबं चाकांखाली गेली. "उद्या पावणेपाच," कानकाका म्हणाले. ते चष्मेवाल्यांना नाही, खारूला म्हणाले.

दिवसभर ती दुकानात, काउंटरच्या मागे, कागदावर टिंबं जुळवत बसली. तीन गिऱ्हाइकं आली. तिने कुणाच्याही पाठीला कान लावला नाही. रविवारीही पहाट तशीच गेली. संध्याकाळी फोन आला तेव्हा खारू गाढ झोपली होती.

"सात वाजता झोपली?" मुलगी म्हणाली. "ती कधी झोपते सातला? तिला बरं नाही का? आबा, तुम्ही लपवताय काहीतरी."

"पहाटे उठते ती. साडेचारला. पाणी ऐकायला जातो आम्ही. रस्त्यावर."

सांगताना आपण किती विचित्र बोललो ते चष्मेवाल्यांना शेवटच्या शब्दापाशी कळलं.

"मी सकाळी यांना कळवते आणि निघते," मुलगी शांतपणे म्हणाली. नर्सच्या आवाजात.

"आठ वाजता फोन कर. तोवर कुणाला काही कळवू नकोस. चार वर्षं थांबलीस, आठपर्यंत थांब."

सोमवार हा तिसरा दिवस. सव्वासातच्या सुमाराला चष्मेवाल्यांचं लक्ष रस्त्यापलीकडे गेलं. बंद दुकानाच्या पायरीशी चौकशीताई उभ्या होत्या, खांद्याला पिशवी, हातात मोठ्या तबकडीचं घड्याळ. त्यांनी ओळख दाखवली नाही, कामावर होत्या.

साडेसातला पहिली गाडी गेली. कानकाका म्हणाले, "झालं आजचं. सुटलं."

खारू हलली नाही. त्या दिवशी त्यांनी ओढ्याचा माग काढत काढत शाळेच्या मागची गल्ली गाठली होती. तिथे वाहनं कमी. तिने सळई झाकणाच्या दुसऱ्या कडेला टेकवली. कानकाका घटकाभर उभे राहिले, मग गुडघ्यावर बसले. "कुठल्या बाजूला म्हणतेस?" तिने बोटाने दाखवलं. त्यांनी तिथे हात टेकवला, जणू हाताला तरी लागेल. चष्मेवाले रस्ता ओलांडून ताईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. बोलायचं नव्हतंच. सात एकेचाळीस. सात बावन्न. न राहवून त्यांनी ताईंच्या नाकावरचा चष्मा मागून घेतला, डावी काडी बोटांनी हळूच वाकवली आणि परत दिला. ताईंनी तो डोळ्यांवर चढवला आणि परत समोर बघू लागल्या. आता तो सरळ बसला होता.

आठला फोन वाजला.

"आबा, खरं सांगा. तिला रोज न्यायला त्रास होतो ना?"

"नेण्यात काही त्रास नाही," चष्मेवाले म्हणाले. "आणण्यात होतो. सुटून अर्धा तास झाला, निघत नाहीये."

"तिला द्या."

ते रस्ता ओलांडून गेले आणि खारूच्या मोकळ्या कानाला फोन लावला. तिने दुसरा कान वाटीवरून काढला नाही.

"आई, नंतर," ती कुजबुजली. "आत्ता ऐकू येतंय."

चष्मेवाल्यांनी फोन आपल्या कानाला लावला. पलीकडून काहीच आवाज येत नव्हता, आणि त्यांना आता न येणारा आवाज ऐकायची थोडी सवय झाली होती. ते थांबले.

"बरं," शेवटी मुलगी म्हणाली. आवाज नर्सचा राहिला नव्हता. "मग मी वर्गात जाते. उशीर होतोय मला."

ते परत ताईंपाशी आले. ताईंनी पिशवीतून कोरं कार्ड काढून त्याच्या मागच्या बाजूला एक ओळ लिहिली होती: 'पाइपला गाल लावून उभी राहते.' पुढची मिनिटांची जागा अजून मोकळीच होती.

"किती लिहिणार?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुठे निघालीय अजून?" ताई म्हणाल्या. त्यांची नजर समोरच्या झाकणावर होती, जिथे एक उंच माणूस आणि एक मुलगी डोक्याला डोकं लावून वाकली होती. "खिडकी दहाला उघडते. आहे वेळ."